एक झाड, दोन आकडे

३ फेब्रुवारी, मंगळवार

दादाने झाड तोडलं. विचारलं नाही, सांगितलं नाही, तोडलं.

काल कामावरून परस्पर गावी, आईला भेटायला गेलो. फाटक ढकललं आणि समोर नुसतं आभाळ. त्या जागी एवढं आभाळ मी कधी पाहिलेलं नाही. मी गावच्या शाळेत चौथीत असताना बाबांनी तिथे निलगिरीचं रोप लावलं, तेव्हा सगळी आळी हसली होती. ना फळ, ना सावली, अंगणात कोणी निलगिरी लावतं का? बाबा म्हणाले, "सरळ वाढतं. पोरांच्या डोळ्यांपुढे एक तरी सरळ गोष्ट असावी." फाटकातून आत शिरलं की ते ओळंब्यासारखं समोर उभं असायचं. बाबा गेले तरी ते होतं.

दादा ओट्यावर करवतीला कानस घासत बसला होता.

"आलास? बस," म्हणाला. "कललं होतं रे. घरावर आलं असतं."

"कुठे कललं होतं? मी काय आंधळा आहे?"

"तू फाटकातून बघतोस."

"मग कुठून बघू? छपरावर बसून?"

"इथे राहून बघ," म्हणाला, आणि पुन्हा कानस घासायला लागला.

माझं डोकं फिरलं. आजवर मोठ्या भावापुढे आवाज चढवला नव्हता, काल चढवला. म्हणालो, खोटं बोलतोस. लाकूड हवं होतं तर तसं सांग, बाबांच्या झाडाला वाकडं म्हणू नकोस. तू हे कबूल करेपर्यंत मी या घराची पायरी चढणार नाही. वहिनी चहा घेऊन दारापर्यंत आली होती, ती कप घेऊन तशीच मागे फिरली. आतून आई विचारत राहिली, "कोण आलंय? अरे, कोण आलंय?" तिला ऐकू कमी येतं. तिला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

अंगणात खोडाची एक जाड चकती पडली होती. दादा तिचा पाट करणार होता म्हणे. बाबांच्या झाडावर बसून जेवायचं! मी चकती उचलली, त्याचीच कुऱ्हाड घेतली आणि मधोमध दोन फाका केल्या. गाभा मध्यावर नव्हता, पार एका अंगाला सरकलेला होता. जे करायचं ते वाकडं, दुसरं काय. एका फाकेत गाभा आला, दुसरीत नुसतं लाकूड. एक या काखेत, एक त्या काखेत घेऊन बसथांब्यावर आलो. लोक बघत होते. बघू देत.

निदान शास्त्राच्या कामी तरी येईल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

फाका प्रयोगशाळेत आणल्या. आमचं काम आहे लिग्निनचं. लाकडाला लाकूडपण देतं ते लिग्निन. ते नसतं तर झाडं उभी राहिली नसती, शेवाळासारखी जमिनीला चिकटून पसरली असती. मी तर म्हणतो, देवाने पहिल्यांदा एखाद्या हिरव्या गोष्टीला "ऊठ" म्हटलं असेल, तेव्हा तिच्या हातात हेच दिलं असेल. वेगवेगळ्या वनस्पतींतून ते वेगळं काढायचं, किती आहे आणि कशा जातीचं आहे ते पाहायचं, हा आमचा प्रकल्प. चीड झाला, गव्हाचं काड झालं, नारळाचा काथ्या झाला, केळीचा खांब चालू आहे. निलगिरीचे आलेले तुकडे बुरशीने खाल्ले होते, म्हणून मी साहेबांना म्हणालो, माझ्याकडे आहे, लावल्याचं साल ठाऊक असलेलं झाड. साहेब खूश. आमच्या प्रमुखांना फुकट मिळालेल्या गोष्टीचा आनंद लपवता येत नाही.

आमच्याकडे जोडीने काम चालतं. एकच नमुना दोघे वेगवेगळा तपासतात आणि आकडे जुळले तरच लिहितात. माझ्या जोडीला चिमटी आहे. वय छत्तीस-सदतीस, मुदतीवर नेमलेली रसायनतज्ज्ञ. कुठलीही वस्तू चिमट्याशिवाय उचलत नाही आणि बोलतानाही चिमटाच काढते, म्हणून हे नाव. तिला ते माहीत आहे. मला इथे "बुवा" म्हणतात, तेही मला माहीत आहे. तिची मुदत या महिनाअखेर संपते. वाढवायची की नाही ते साहेब ठरवणार. तिच्या घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, नवरा अंथरुणाला खिळलेला आहे.

नेहमी आम्ही अख्खी चकती दळतो, भुकटी एकत्र मिसळतो आणि मग दोघांत वाटतो. या वेळी तसं केलं नाही. बाबांचं झाड त्या सामायिक डब्यात घालायला मन होईना. गाभ्याची फाक मी घेतली, दुसरी तिला दिली.

"सर, मिसळायचं नाही?"

"एकच झाड आहे. एका झाडाचा आकडा एकच."

"बरं," ती म्हणाली. तिच्या "बरं"मध्ये नेहमी आणखी दोन-तीन शब्द असतात. मी ते ऐकत नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी चिडाच्या नमुन्याची दुसरी कसोटी लावली होती. लिग्निनचे तुकडे केले की चिडातून व्हॅनिलाचा वास सुटतो. सगळी खोली आइस्क्रीमच्या दुकानासारखी झाली. एरवी मला हे फार आवडतं. एवढ्या काळ्या, कडवट चिखलात हा गोडवा कोणी ठेवला, असं मनात येऊन हात जोडावेसे वाटतात. आज काही वाटलं नाही. दादाचा निरोप नाही, फोन नाही.

चिमटी म्हणाली, "सर, आज चीड कोणाची चालू आहे, झाडाची की तुमची?"

मी हसलो नाही.

दुपारी म्हणते, "निलगिरीची भुकटी नीट होत नाहीये. कापसासारखी लव सुटतेय, चाळणीतून पडतच नाही." पाहिलं तर खरंच, पिंजलेल्या कापसासारखं काहीतरी. माझी फाक त्याच गिरणीत पिठासारखी दळली गेली होती. मी म्हणालो, गिरणीचं पातं न पुसता दळलं की असंच होतं. "पुसलं होतं," ती म्हणाली. मी म्हणालो, मग पुन्हा पुसा. दोन खोल्यांपलीकडे ऐकू गेलं असेल.

बाबांचं झाड कापूस कसं होईल?

१२ फेब्रुवारी, गुरुवार

आकडे आले.

आधी भुकटी अल्कोहोलने धुवायची, म्हणजे डिंक, रंग, तेल निघून जातं. मग कडक ॲसिडमध्ये ढवळायची, मग पाणी घालून उकळायची. बाकी सगळं विरघळतं, लिग्निन तेवढं विरघळत नाही. गाळणकागदावर तपकिरी गाळ उरतो तो धुऊन, वाळवून तोलायचा. यात काही जादू नाही. सावकाशपणा पाहिजे आणि लक्ष पाहिजे.

माझा आकडा शंभरात सत्तावीस. पुस्तकात निलगिरीचा असतो तसाच, खणखणीत. तिचा वीस.

वीस! चीड आम्हा दोघांचा तंतोतंत जुळला होता, काथ्या जुळला होता. गव्हाच्या काडात वाळूसारखी राख फार, ती भट्टीत जाळून वजा करावी लागते, तिथेही जुळला. आणि बाबांच्या झाडाशी येऊन बाईंचा वीस.

"पुन्हा करते," ती म्हणाली.

"पुन्हा कशाला? पहिल्यांदाच लक्ष द्यायचं होतं. गाळताना सांडलं असेल. नाहीतर कागद फाटला असेल."

"कागद फाटला असता तर मला दिसला असता."

"दिसला असता तर लिहिलं असतं का?"

हे बोलायला नको होतं की काय, असं क्षणभर वाटलं. पण ती जे बोलली त्याने ते वाटणं गेलं. म्हणाली, "सर, तुम्ही झाडावरचा राग माझ्यावर काढताय."

माझा झाडावर राग? झाडावर?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

साहेबांकडे लेखी तक्रार दिली. कामात निष्काळजीपणा आणि ज्येष्ठांशी उद्धट वर्तन. पाच ओळी. सही केली. साहेबांनी वाचली, घडी घातली आणि म्हणाले, "बरं झालं, लेखी दिलंत." त्यांना इतकं बरं का वाटलं, कळलं नाही.

खरेपणासाठी माणसाने कठोर व्हावं लागतं. बाबा असेच होते.

१६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी देवापुढे बसलो, पण नामात मन लागेना. ही चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही. देवाशी बोलताय की दादांशी, ते बघत होते. ओठ हलतात तुमचे. मघाशी 'खोटारड्या' म्हणालात."

"देवाला कसं म्हणेन?"

"तेच म्हटलं."

मग म्हणाली, आईंनी वहिनींना फोन करायला लावला होता. त्यांना वाटतंय तुम्ही आजारी आहात. मी काय सांगू? मी म्हणालो, सांग, मी ठणठणीत आहे आणि दादाने आधी खरं बोलावं. ही म्हणाली, "बाबांच्या आजारपणात दादांनी त्यांना उचलून न्हाणीत नेलं, दोन वर्षं. तेव्हा तुम्ही कोणाला विचारलं नाहीत की खरं बोलतोस का."

याचा इथे काय संबंध? बायकांना विषय धरून बोलताच येत नाही. तेव्हा माझ्या परीक्षा होत्या, मग प्रकल्प होता. मी जमेल तसा जात होतो. चहा तसाच ठेवून निघालो.

१८ फेब्रुवारी, बुधवार

चिमटीने मला न विचारता दोन्ही फाका पुन्हा तपासल्या. माझ्या फाकेतलं उरलेलं लाकूड घेतलं आणि स्वतःच्याही फाकेतलं. आज कागद माझ्या टेबलावर ठेवला. माझी फाक तिच्या हाताने सत्तावीस. तिची फाक वीस. तुकडे केल्यावर कोणत्या जातीचं लिग्निन किती, तेही दोन्हींचं वेगळं.

"हात बदलला सर, तरी आकडा लाकडाबरोबरच राहिला," ती म्हणाली.

मी म्हणालो, "माझा आकडा तुम्हाला ठाऊक होता. ठाऊक असलेल्या आकड्यापर्यंत पोहोचणं अवघड नसतं."

तिचं तोंड उतरलं. मग उतरलेलं राहिलं नाही, लाल झालं. "मग तुम्हीच करा," म्हणाली. "माझी फाक तुमच्या हाताने करा. मी खोलीतसुद्धा येत नाही. नाहीतर म्हणाल, नजर लावली."

तिने तक्रारीबद्दल चकार शब्द काढला नाही. तिला साहेबांनी कालच बोलावलं होतं, हे मला शिपायाकडून कळलं. तो म्हणाला, "बुवा, गाय मारून वासरू कशाला मारलंत?" त्याला म्हणी धड येत नाहीत. पण मला रात्रीपर्यंत तेच आठवत राहिलं आणि त्याचाही राग आला.

करतो मीच. एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

वीस.

दळताना तसाच कापूस झाला. पातं मी स्वतः पुसलं होतं, दोनदा. धुतलं, ढवळलं, उकळलं, गाळलं. गाळ कमी आहे हे तोलण्याआधीच डोळ्यांना दिसत होतं. तरी तोललं. काटा शून्यावर आणून पुन्हा तोललं. वीस.

असं का येतं ते मला ठाऊक आहे. नव्या येणाऱ्यांना दर वर्षी मीच शिकवतो, खडूने फळ्यावर वाकडं झाड काढून. रुंद पानांच्या वर्गातलं झाड, निलगिरीही त्यातच, कलायला लागलं की स्वतःला सावरतं. ज्या दिशेला कलतं त्याच्या उलट अंगाला, वरच्या अंगाला, ते ताणाचं लाकूड घालतं. दोरीने मागे ओढावं तसं. त्या लाकडात लिग्निन कमी असतं, दळलं की त्याची लव सुटते, आणि ते अंग जास्त वाढल्यामुळे गाभा मध्यावर राहत नाही, खालच्या अंगाला सरकतो. फळ्यावर हे सगळं मी शेकडो वेळा लिहिलं असेल. शेवटी विचारतो, "काही शंका?"

गाभा मी फाटकाच्या आत, भर उजेडात, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. आणि म्हणालो होतो, जे करायचं ते वाकडं. करवतीने गाभा सरकतो का? करवतीने!

झाड फाटकाच्या आणि घराच्या बरोबर मधे होतं. घराकडे कललं म्हणजे फाटकातून पाहणाऱ्यापासून लांब कललं. समोरून ते सरळच दिसणार. बाजूने पाहायला तिथे राहावं लागतं.

मला शरम वाटायला हवी होती. वाटली, पण आधी रागच आला. दादाचा, की तो बरोबर निघाला. चिमटीचा, की तिने मला हे करायला लावलं. झाडाचाही, आता खरं लिहायला हरकत नाही. तू सरळ असायला हवं होतंस.

२१ फेब्रुवारी, शनिवार

साहेबांकडे गेलो, तक्रार मागे घेतो म्हणालो.

"आता कशी मागे घेणार? वर गेली," साहेब म्हणाले. "बुवा, खरं सांगू? एक जागा कमी करायचीच होती. कोणाची करावी हा प्रश्न होता. तुमच्या कागदाने सोडवला."

"पण चूक तिची नाही. नमुना मी वाटला, न मिसळता वाटला. झाड कललेलं होतं. त्याच्या दोन अंगांचे दोन आकडे येणारच."

"कललेलं होतं? तुम्हीच तर सगळ्यांना सांगत होतात, भाऊ खोटं बोलतो, झाड सरळ होतं. मी चहा पिताना तीनदा ऐकलंय."

मी आकड्यांचा कागद त्यांच्यापुढे सरकवला.

"वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले, "पण उद्या कोणी म्हणेल, बुवांना दया आली म्हणून त्यांनी झाड वाकवलं. झाड तर आता सरपण झालं असेल. कललं होतं आणि कुठल्या अंगाला, हे सांगणार कोण?"

आणि मग अगदी प्रेमाने म्हणाले, "सोडून द्या. निलगिरीचा नमुना खराब निघाला असं लिहू. तुमच्या नावाला काही लागणार नाही."

माझ्या नावाला! त्यांच्या टेबलावरचा पेपरवेट उचलला आणि पुन्हा ठेवला. कशासाठी उचलला होता, देव जाणे. म्हणालो, "सांगणारा आहे. मंगळवारी आणतो."

बाहेर आल्यावर लक्षात आलं, मी काय बोलून बसलो ते. ज्याला खोटारडा म्हणालो त्याची साक्ष.

२२ फेब्रुवारी, रविवार

गावी गेलो. पायरी चढलो नाही, अंगणातच उभा राहिलो. दादा ओंडके फोडत होता. बुंधा अजून जमिनीत होता, गुडघाभर उंच.

"पायरी चढणार नव्हतास ना?" त्याने कुऱ्हाड थांबवली नाही.

"चढलेलो नाही."

"हो, शब्दाचा पक्का आहेस."

मी सगळं सांगितलं. फाका, कापूस, सत्तावीस, वीस, तक्रार, तिचा अंथरुणावरचा नवरा. सांगताना मध्ये मध्ये तो घाव घालत होता, त्यामुळे मला ओरडून सांगावं लागत होतं. शेवटी म्हणालो, "म्हणजे झाड कललेलं होतं."

तो थांबला. घाम पुसला.

"मी सांगितलं तेव्हा खोटं होतं. ॲसिडने सांगितलं तेव्हा खरं झालं."

"दादा..."

"तुझी बाटली तुझ्या भावापेक्षा जवळची. असू दे. शिकलेला माणूस." मग एकदम त्याचा आवाज फुटला. "अरे, मी किती महिने ते झाड बघत होतो! वारा सुटला की आईचं अंथरूण उचलून या खोलीतून त्या खोलीत नेत होतो. तुला काय वाटलं, मला हौस होती? माझाही बाप होता तो!"

मी फुटलेला एक ओंडका उचलून ढिगावर ठेवला. वहिनी दारात येऊन उभी राहिली, पण या वेळी आत गेली नाही.

"काय पाहिजे तुला?" दादाने विचारलं.

"प्रयोगशाळेत येऊन साहेबांना सांगशील?"

"येतो. पण आधी आईसमोर म्हण."

पायरी चढावी लागली. आई खिडकीशी बसली होती. मी म्हणालो, "आई, झाड कललं होतं. दादा खरं बोलला."

"काय म्हणतोय हा?" तिने दादाला विचारलं.

"म्हणतोय, झाड कललं होतं!" दादा तिच्या कानाशी ओरडला.

"मग?" आई म्हणाली. "ते सगळ्या आळीला ठाऊक होतं. यांनाही ठाऊक होतं. जाण्याआधी म्हणाले होते, थोरल्याला म्हणावं वेळेवर तोड, धाकट्याला सांगू नकोस, त्याला लागेल." आणि मला म्हणाली, "तू आजारी होतास ना? काय झालं होतं?"

येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसलो. राग होताच, पण कोणावर करावा ते सापडेना.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दादा आला. खांद्यावर पोतं, पोत्यात चकती. काल त्याने बुंध्याचा माथा कापला आणि कापण्याआधी घराच्या बाजूला चुन्याने रेघ मारली. जमिनीत रोवलेला बुंधा, त्याची दिशा खोटी कशी असेल? हे मी त्याला सांगितलं नव्हतं, त्यालाच सुचलं. मला सुचायला हवं होतं.

साहेबांच्या खोलीत त्याने चकती टेबलावरच ठेवली. भुसा सगळ्या कागदांवर सांडला.

साहेबांनी विचारलं, "झाड घराकडे कललेलं होतं, हे तुम्ही खात्रीने सांगता?"

"सांगतो की. पण मी सांगून चालेल का, ते यालाच विचारा. मागे चाललं नव्हतं."

चिमटी दाराशी उभी होती. तिने खोकल्यासारखं काहीतरी केलं. मी टेबलावरचा भुसा झटकायला लागलो.

गाभा चुन्याच्या रेघेकडे सरकलेला होता, आंधळ्यालाही दिसावा इतका. तरी चिमटीने रेघेकडचा आणि त्याच्या समोरचा असे दोन तुकडे काढून घेतले, चिमट्याने, आणि आकडे गुरुवारी देते म्हणाली. दादा तिला म्हणाला, "बाई, याच्याबरोबर काम करता म्हणजे कमाल आहे. आम्हाला तर जन्माने मिळाला, इलाज नव्हता." ती पहिल्यांदाच मनापासून हसली. मला दोघांचाही राग आला, पण तो फार वेळ टिकला नाही, कारण दादा जेवायला थांबला नाही. पोतं झटकून घडी घातली आणि गेला. "ये" म्हणाला नाही. "येऊ नकोस" असंही म्हणाला नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

रेघेकडचा तुकडा सव्वीस, समोरचा एकोणीस. साहेबांनी दोन्ही आकड्यांकडे बराच वेळ पाहिलं, त्यातला एखादा बदलेल असं वाटत असल्यासारखं. मग म्हणाले, तिची जागा कमी करायला आता कारण उरलं नाही, मुदत वाढवतो. पण तक्रार फायलीत आहे ती काढता येणार नाही. तिच्यावर तुमचा खुलासा लागला तरच पुढची सही होईल, आणि कार्यालय बंद व्हायच्या आत लागला पाहिजे.

मी खुलासा लिहिला आणि चिमटीला दाखवायला नेला. वाटलं होतं, ती म्हणेल, कशाला सर, असू द्या. ती स्टूल ओढून बसली आणि वाचायला लागली, लाल पेन हातात घेऊन.

"'नमुना वाटताना चूक झाली,'" तिने मोठ्याने वाचलं. "'त्यातून गैरसमज निर्माण झाला.'"

"हो."

"कशी झाली? आपोआप? पाऊस पडतो तशी?"

"म्हणजे काय?"

"चूक झाली, गैरसमज झाला, आकडा चुकला. सगळं आपलं आपण होतंय. माणूस कुठे आहे यात? तक्रारीत तर माझं नाव तीनदा होतं. 'यांनी निष्काळजीपणा केला. यांनी उद्धट उत्तर दिलं.' तिथे केला, दिलं. आणि इथे झाली?"

मला संताप आला. हे व्याकरण शिकवायला बसली मला! म्हणालो, "अर्थ तोच आहे. सगळे असंच लिहितात."

"सगळ्यांनी माझ्यावर तक्रार केली नव्हती."

लाल पेनाचं टोपण ती सारखी काढत आणि घालत होती, हे मला तेव्हा दिसलं. मघापासूनच चाललं असणार. हे सगळे दिवस ती आठवड्याचं काम दोन-दोन दिवसांत उरकत होती, आणि घरी जाऊन नवऱ्याला काय सांगत होती, ते मी एकदाही विचारलेलं नाही. मी पेन घेतलं. "झाली" खोडलं. वर काय लिहायचं ते ठाऊक होतं, तरी पेन कागदावर टेकायला वेळ लागला. माझ्या वयाचा माणूस, रोज देवापुढे बसणारा, आणि एक क्रियापद बदलता येईना. देवालाही मी आजवर असंच सांगत आलो असेन, झालं, घडलं, चुकलं.

लिहिलं. नमुना न मिसळता वाटण्याची चूक मी केली. यांच्यावर खोटा आरोप मी केला. आकडे बरोबर आल्यावरही त्यांना लबाड मी म्हणालो.

तिने पुन्हा सगळं वाचलं. कान लाल झाले होते तिचे, डोळे कोरडे होते. कागद माझ्याकडे सरकवला.

"सही राहिली," ती म्हणाली. "आणि सर, वाचता येईल अशी करा."

केली.